एकाच बोटीत तीन पिढ्या: समुद्रातल्या शर्यती आणि आपली नर्मदा

पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ज्यांच्याकडे रेंज नसते, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त थोडं आवरून घेतलंय.

आजचा विषय आहे लांब पल्ल्याच्या शिडाच्या बोटींच्या शर्यती, आणि त्यात एकत्र उतरणारी कुटुंबं. बाप-लेक, आजोबा-नातू, भाऊ-बहीण, सगळे एकाच बोटीत, चार-चार दिवस समुद्रावर. आता तुम्ही म्हणाल, नंदुरबार जिल्ह्यात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला? आपल्याला किनारा नाही, शिडाची बोट आपल्यातल्या कित्येकांनी फोटोतच पाहिलेली.

पण जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जिल्ह्याच्या उत्तरेला सगळी हद्द नर्मदेची. अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे आपला धडगावचा भाग. सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, त्यातलं पहिलं मणिबेली. धरणामागचा जलाशय सुमारे २१४ किलोमीटर लांब आहे. या पाण्याकाठच्या पाड्यांवर बाजाराला जायचं तर बोट, दवाखान्यात जायचं तर बोट, लग्नाला जायचं तर बोट. आणि बोटीत बसतं कोण? आजी, सून, कडेवरचं पोर, शाळेत जाणारा मुलगा. म्हणजे एका बोटीत तीन पिढ्या ही गोष्ट आपल्याकडे हौस म्हणून नाही, रोजची गरज म्हणून घडते.

म्हणून आज दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघूया. शर्यतीतलं कुटुंब काय करतं, का करतं, आणि त्यातलं आपल्या घाटावर काय उपयोगी पडेल.

ही शर्यत असते तरी कशी?

सगळ्यात नावाजलेल्या शर्यतींपैकी एक म्हणजे फास्टनेट. १९२५ साली सुरू झाली. इंग्लंडच्या दक्षिणेला काउझ नावाचं गाव आहे, तिथून निघायचं, आयर्लंडच्या दक्षिण टोकाजवळ समुद्रात फास्टनेट नावाचा एक खडक आहे, त्यावर दीपगृह आहे, त्याला वळसा घालून परत यायचं. २०१९ पर्यंत ही शर्यत इंग्लंडमधल्या प्लिमथला संपायची, २०२१ पासून फ्रान्समधल्या शेरबूरला संपते. जुना मार्ग सुमारे ६०८ सागरी मैलांचा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हिशेब केला तर सव्वाअकराशे किलोमीटर होतात. नंदुरबारहून मुंबईला जाऊन परत यायचं आणि पुन्हा मुंबई गाठायची, जवळपास तेवढं अंतर.

आणि वेग किती? मध्यम आकाराची शिडाची बोट सरासरी ताशी १०-१२ किलोमीटरने जाते. सायकल बरी! त्यामुळे दहा मीटर लांबीच्या बोटीला ही शर्यत पूर्ण करायला चार-पाच दिवस लागतात. इंजिन असतं, पण पुढे जाण्यासाठी वापरायचं नाही. वारा पडला तर बसून राहायचं. वारा खवळला तर शीड लहान करायचं. रात्र झाली म्हणून थांबायचं नाही.

आता एक प्रश्न हमखास येतो. तीस मीटरची कोट्यवधींची बोट आणि दहा मीटरची घरगुती बोट एकाच शर्यतीत कशा? मोठीच जिंकणार की! तर तसं नसतं. प्रत्येक बोटीची लांबी, वजन, शिडाचं क्षेत्रफळ मोजून तिला एक आकडा देतात. बोटीला लागलेला वेळ त्या आकड्याने गुणायचा. समजा मोठ्या बोटीला ६० तास लागले आणि तिचा आकडा १.६ आहे, तर तिचा हिशेबी वेळ झाला ९६ तास. लहान बोटीला १०० तास लागले, पण तिचा आकडा ०.९५ आहे, तर तिचा हिशेबी वेळ ९५ तास. जिंकली कोण? लहान बोट. म्हणजे आधी पोचण्याचा मान वेगळा, आणि आपल्या बोटीकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याचा मान वेगळा. खरी ट्रॉफी या दुसऱ्या हिशेबाची.

या हिशेबामुळेच कुटुंबांना शर्यतीत जागा मिळते. पगारी खलाशी नाहीत, मोठी बोट नाही, पण एकमेकांची सवय आहे, तेवढ्या भांडवलावर उतरता येतं.

बाप-लेकाची बोट

२०१३ ची फास्टनेट शर्यत आठवण्यासारखी आहे. तीनशेच्या वर बोटी होत्या. त्यात बहुतेक बोटींवर सहा, आठ, दहा, काहींवर वीस-वीस माणसं. आणि सगळ्यांच्या वर हिशेबी वेळेत पहिली आली ती एक दहा मीटरची बोट, जिच्यावर माणसं होती फक्त दोन. पास्कल लोइझाँ आणि त्याचा मुलगा अलेक्सिस. फ्रान्सची ही बाप-लेकाची जोडी. शर्यतीच्या इतिहासात दोघांच्याच बोटीने सगळ्यांना मागे टाकायची ती पहिली वेळ.

दोघंच असणं म्हणजे काय, याचा विचार करा. एक जण सुकाणूवर, दुसरा झोपलेला. झोप म्हणजे तरी काय, अर्धा-एक तासाची डुलकी. वारा फिरला की उठायचं, शीड बदलायचं, परत पडायचं. झोपणाऱ्याला पूर्ण भरवसा हवा की वर जो जागा आहे तो चुकणार नाही, आणि गरज पडली तर मला उठवायला लाजणार नाही. हा भरवसा पैशाने मिळत नाही. तो वर्षानुवर्षं एकत्र काम करून येतो. शेतात नांगर धरणाऱ्या बापाला आणि पुढे बैल हाकणाऱ्या मुलाला हे सांगायला नको. शब्द कमी लागतात.

अमेरिकेतली न्यूपोर्ट ते बर्म्युडा ही शर्यत १९०६ पासून आहे, ६३५ सागरी मैलांची. तिच्यात एकाच घरातली माणसं असलेल्या बोटींसाठी वेगळं बक्षीसच ठेवलंय. अटलांटिक महासागर ओलांडणारी एक मोहीम १९८६ पासून दरवर्षी निघते, कॅनरी बेटांपासून कॅरिबियन समुद्रातल्या बेटांपर्यंत, सुमारे २,७०० सागरी मैल. तिच्यात लहान मुलांना घेऊन निघालेली कुटुंबंही असतात, अडीच-तीन आठवडे पाण्यावर. उलट ऑस्ट्रेलियातल्या सिडनी ते होबार्ट या ६२८ मैलांच्या शर्यतीत १८ वर्षांखालच्यांना घेतच नाहीत. म्हणजे कुटुंबाला या आणि म्हणायचं, पण कुठल्या पाण्यात कोणाला न्यायचं याची रेघही मारायची.

आपल्याकडे हे नवीन आहे का?

अजिबात नाही. रायगड किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. होडी घराची असते, तांडेल घरातला जाणता असतो, आणि दोर ओढायला मुलगा, पुतण्या, भाचा. पल्ला लहान, पण रचना तीच.

लांब पल्ल्याचं म्हणाल तर मराठी माणसाचं नाव इथे ठळक आहे. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून ‘म्हादेई’ नावाच्या शिडाच्या बोटीतून एकटे निघाले आणि चार ठिकाणी थांबत, मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. ही ५६ फुटांची बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. नाव दिलं म्हादेई, म्हणजे गोव्यात मांडवी म्हणतात त्या नदीचं. समुद्रावरच्या बोटीला नदीचं नाव, हे आपल्या नदीकाठच्यांनी लक्षात ठेवण्यासारखं. हीच बोट २०११ मध्ये केपटाउन ते रिओ या महासागरी शर्यतीतही उतरली. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’ या तिच्या धाकट्या बहिणीतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. तीही गोव्यातच बांधलेली.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण. २०२० सालचा लॉकडाऊन. अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठी चिमलखेडीला रेलू वसावे या अंगणवाडी सेविका. आजाराच्या भीतीने पाण्यापलीकडच्या पाड्यांवरच्या आया मुलांना घेऊन येईनाशा झाल्या. तर यांनी मासेमारीची लहान नाव मागून घेतली, आणि वल्ही मारत अलीगट आणि दादर या पाड्यांवर जाऊ लागल्या. जाऊन-येऊन १८ किलोमीटर. तान्ह्या मुलांचं वजन घ्यायचं, गरोदर बायांना तपासायचं, पोषण आहार पोचवायचा. याला शर्यत म्हणत नाहीत, ट्रॉफी नसते. पण लांब पल्ला म्हणायला हरकत नाही.

बोट कलंडते का, आणि परत उभी कशी राहते?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. शर्यतीतल्या बोटीचे फोटो बघा. ती इतकी कलंडलेली असते की एका बाजूची कडा पाण्याला लागलेली. माणसं वरच्या कडेवर पाय लटकवून बसलेली. आपल्याला वाटतं, आता गेली. पण ती जात नाही. का?

कारण तिच्या पोटाखाली एक जड पातं असतं, बहुधा शिशाचं. बोटीच्या एकूण वजनाचा मोठा हिस्सा या पात्यात. बोट कलंडली की ते पातं तिला खाली ओढून पुन्हा उभं करतं. लहान मुलांची ती बाहुली असते ना, कितीही ढकला, पुन्हा उठून बसते, तेच तत्त्व. वजन जितकं खाली, तितकी बोट स्थिर.

आपल्या नदीवरच्या बोटीला हे पातं नसतं. तळ सपाट किंवा उथळ गोल. रिकामी असताना ठीक चालते. पण तिचं वजन म्हणजे तिच्यातली माणसं. माणसं बसलेली असतील तर वजन खाली. माणसं उभी राहिली की तेच वजन वर गेलं. आणि सगळे एका बाजूला सरकले, कोणाला काही दाखवायला, फोटो काढायला, किंवा लाट आली म्हणून घाबरून, तर वजन वरही गेलं आणि बाजूलाही गेलं. ही बोट कलंडली की तिला परत आणणारं खाली काहीच नाही.

त्यात तिसरी गोष्ट, तळाला साचलेलं पाणी. बोट जराशी कलली की हे पाणी त्याच बाजूला धावतं, आणि कलणं वाढवतं. परातीत पाणी घेऊन चालून बघा, कळेल. म्हणून बोटीतलं पाणी उपसणं हे कंटाळवाणं काम नाही, ते सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

चौथी गोष्ट, काठ पाण्यापासून किती वर आहे. दहा माणसं जास्त बसली की बोट खाली दबते, आणि जी लाट एरवी बाहेर राहिली असती ती आत येते. म्हणजे जास्त माणसं बसवली की एकाच वेळी चारही गोष्टी बिघडतात.

भुषा, उजनी, वर्धा

१५ जानेवारी २०१९. मकर संक्रांत. धडगाव तालुक्यात भुषा गावाजवळ नर्मदेच्या पूजेसाठी निघालेली बोट उलटली. बातम्यांत आलेल्या माहितीप्रमाणे बोटीत साठच्या आसपास लोक होते. किमान सहा जण गेले. सणाचा दिवस, म्हणजे घरंच्या घरं निघालेली.

१४ सप्टेंबर २०२१. अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यात, वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेसाठी जमलेले नातेवाईक होते. अकरा जण गेले.

२१ मे २०२४. उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडली. सहा जण गेले, त्यात नवरा-बायको आणि त्यांची दोन लहान मुलं. एक जण पोहून बाहेर आला.

हे आकडे मुद्दाम एका ओळीत ठेवतोय. तिन्ही ठिकाणी पाणी वेगळं, कारण वेगळं. पण तिन्ही ठिकाणी बोटीत नातेवाईक होते. बोट बुडते तेव्हा आपल्याकडे एक माणूस जात नाही, घर जातं. मागे कोण राहिलं हे शोधावं लागतं. म्हणून कुटुंबाने एकत्र बोटीत बसणं या गोष्टीकडे जरा थंड डोक्याने बघायला पाहिजे.

आणि यात एक गोष्ट स्पष्ट बोलतो. नर्मदाकाठच्या माणसाला कोणी ‘बोटीत का बसलात’ असं विचारू नये. रस्ता नाही, पूल नाही, पाणी मात्र दारापर्यंत आलंय. आरोग्य खात्याचा दवाखानासुद्धा तिथे बोटीतून येतो. बोट ही त्यांनी निवडलेली गोष्ट नाही. प्रश्न आहे तो ही बोट सुरक्षित कशी होईल हा.

शर्यतवाले हे कसं शिकले?

तेही सुखासुखी शिकले नाहीत. १९७९ ची फास्टनेट शर्यत. ३०३ बोटी निघाल्या. वाटेत भयंकर वादळ आलं. १५ स्पर्धक गेले. २४ बोटी सोडून देऊन माणसं बाहेर पडली. आणि नंतर काय दिसलं? सोडून दिलेल्या त्या २४ बोटींपैकी बुडाल्या फक्त पाच. बाकीच्या १९ तरंगतच सापडल्या. म्हणजे बोट तरंगत होती आणि माणसं तिला सोडून गेली होती. काही जण असे वाचलेही असते, बोटीला धरून राहिले असते तर.

त्या शर्यतीची चौकशी झाली, आणि नियम बदलले. आज अशा शर्यतीत उतरायचं तर आधी तपासणी होते. साधारण नियम असे आहेत:

प्रत्येकाला लाइफ जॅकेट, त्याला शिट्टी आणि दिवा. जॅकेट वर सरकून निघू नये म्हणून मांड्यांमधून जाणारा पट्टा. रात्री आणि वादळात प्रत्येक जण दोराने बोटीला बांधलेला. संकटात सापडल्याचा संदेश उपग्रहामार्फत पाठवणारं यंत्र. माणूस पाण्यात पडला तर काय करायचं याचा सराव निघण्याआधी. मोठ्या पल्ल्याच्या शर्यतीत किमान ३० टक्के लोकांनी, आणि कमीत कमी दोघांनी, समुद्रावर जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं हवं. आणि त्या दोघांत बोटीचा प्रमुख असलाच पाहिजे.

आणि एक मूलभूत नियम: शर्यतीत उतरायचं की नाही, पुढे जायचं की मागे फिरायचं, हा निर्णय बोटीचा स्वतःचा. आयोजक चला म्हणाले म्हणून आम्ही गेलो, असं म्हणता येत नाही. प्रत्येक बोटीवर एक माणूस आधीच कागदावर लिहिलेला असतो, ज्याची जबाबदारी टळत नाही.

नाही कोण म्हणणार?

इथेच कुटुंबाची खरी परीक्षा. घरात मोठ्यांपुढे बोलायचं नाही ही आपली शिकवण. एरवी चांगली. पण समजा सुकाणूवर काका आहेत, ढग भरून आलेत, आणि पुतण्याला वाटतंय की मागे फिरावं. तो बोलेल का? बहुतेक वेळा नाही. काकांचा अनुभव मोठा, आपण काय सांगणार. आणि काकांनाही वाटत असतं की मागे फिरलो तर पोरं म्हणतील म्हातारा घाबरला. दोघांनाही तेच वाटतंय, आणि कोणीच बोलत नाही.

परक्या माणसांच्या बोटीत ही अडचण कमी असते, घरच्यांच्या बोटीत जास्त. त्यामुळे शहाणी कुटुंबं निघण्याआधीच दोन गोष्टी ठरवून टाकतात. एक, पाण्यावर शेवटचा शब्द कोणाचा. तो वयाने मोठा असेलच असं नाही, ज्याला त्या पाण्याची आणि त्या बोटीची माहिती जास्त तो. आणि दोन, धोका दिसला तर सगळ्यात लहानानेसुद्धा मोठ्याने ओरडायचं, त्याला कोणी रागवायचं नाही. हुकूम एकाचा, पण डोळे सगळ्यांचे.

घाटावर याचा अर्थ काय? बोट भरत आली की नावाडी म्हणतो, ‘बस झालं.’ आणि वरून कोणीतरी म्हणतं, ‘अरे, घरचेच आहेत, दोघं बसू दे की!’ त्या क्षणी त्या नावाड्याच्या बाजूने उभं राहणारं माणूस पाहिजे. सरपंच असो, आजोबा असोत, नवरदेवाचा बाप असो. ‘तो म्हणतोय ना नाही, मग नाही. दुसऱ्या फेरीत येऊ.’ एवढं एक वाक्य. नावाडी बहुतेकदा गावातलाच गरीब माणूस असतो, पाहुण्यांना नाही म्हणायची त्याची ताकद नसते. ती ताकद त्याला आपण द्यायची.

प्रत्येक पिढीला एक काम

शर्यतीच्या बोटीत बसून नुसतं बघणारं कोणी नसतं. प्रत्येकाला काम असतं. हे आपल्याला सहज करता येईल.

आजी-आजोबांचं काम मोजणीचं. बसताना किती, उतरताना किती. हे क्षुल्लक वाटतं, पण अपघातानंतर पहिला प्रश्न हाच असतो की बोटीत नेमके किती होते, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा कोणाकडेच नसतं. शोध किती वेळ चालू ठेवायचा हे त्या आकड्यावर ठरतं. शक्य तर हा आकडा काठावर राहणाऱ्या कोणाला तरी सांगून निघा. नुसता फोन लावून, ‘आम्ही चौदा जण निघालो’ एवढं.

मधल्या पिढीचं काम वजन वाटण्याचं. जड सामान, धान्याची पोती, गॅसची टाकी बोटीच्या मधोमध आणि तळाला. माणसं दोन्ही बाजूंना सारखी, आणि सगळी बसलेली. मोटरसायकल चढवायची असेल तर त्या फेरीत माणसं कमी.

तरण्या पोरांचं काम पाणी उपसणं आणि दोर तयार ठेवणं. दोराच्या टोकाला घट्ट झाकणाचा रिकामा कॅन बांधून ठेवा. वीस लिटरचा रिकामा कॅन पाण्यात जवळपास वीस किलोचा भार तोलून धरतो. पाण्यात असलेल्या माणसाचं डोकं वर ठेवायला त्याच्या निम्मासुद्धा आधार लागत नाही. हा जॅकेटला पर्याय नाही हं, पण कोणी पडलं तर उडी मारण्याआधी फेकायला हाताशी काहीतरी हवं. वाचवायला उडी मारणारा आणि बुडणारा दोघंही जातात, हे आपण किती वेळा वाचलंय.

आणि लहान मुलांचंही काम आहे. माणूस पाण्यात पडलं तर शर्यतीत एका जणाला एकच काम देतात. पडलेल्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर काढायची नाही. बाकीचे बोट वळवण्यात गुंततात, आणि लाटांत डोकं दिसेनासं व्हायला काही सेकंद पुरतात. हे काम दहा वर्षांचं मूलसुद्धा नीट करतं.

जॅकेटबद्दल थोडं

समुद्रावरच्या जॅकेटवर १५० न्यूटन असा आकडा असतो. म्हणजे ते साधारण १५ किलोचा वर उचलणारा जोर देतं. माणसाचं शरीर पाण्यात जवळपास तरंगतंच, त्यामुळे डोकं वर ठेवायला इतका जोर पुरतो, आणि बेशुद्ध माणसाचं तोंडही वरच्या बाजूला वळायला मदत होते.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. जॅकेट बोटीत ठेवून उपयोग नाही, अंगात हवं. बोट उलटायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात कोणी जॅकेट घालू शकत नाही. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाला घालू नका, पाण्यात पडलं की मूल खालून निसटतं. आणि पट्टे बांधले नाहीत तर जॅकेट वर जातं, माणूस खाली.

जॅकेट पुरेशी नसतील तर आधी मुलांना आणि तान्हं घेऊन बसलेल्या बायांना. ज्याला पोहता येतं त्याने शेवटी. पण खरं सांगायचं तर ‘पुरेशी नसतील तर’ हे वाक्यच नको. जितकी जॅकेट तितकीच माणसं, हा साधा हिशेब झाला पाहिजे.

सरकारची बाजू

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये बोट सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला, १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. नोंदणी, तपासणी, जीव वाचवण्याचं साहित्य, सगळं त्यात आहे. म्हणजे कागदावर गोष्टी आहेत.

ग्रामसभेत विचारायला हे प्रश्न घेऊन जा. आपल्या घाटावरच्या बोटीची नोंदणी आहे का? तिच्यावर माणसांची मर्यादा रंगवलेली आहे का? जॅकेट किती आहेत? संक्रांतीला, जत्रेला जादा बोटी कोण लावणार? काठावर त्या दिवशी पोहणारी, दोर घेतलेली माणसं उभी असणार का? हे मागणं म्हणजे कोणाविरुद्ध भांडण नाही. ज्यांचं गाव पाण्याखाली गेलं, त्यांनी त्याच पाण्यावरून सुखरूप जाता यावं एवढी अपेक्षा ठेवणं काही जास्त नाही.

निघण्याआधीच्या पाच गोष्टी

शेवटी सगळं थोडक्यात, म्हणजे घरी सांगायला सोपं.

एक, आकाश बघा. मे-जूनमध्ये दुपारनंतर वारा अचानक सुटतो. शक्यतो सकाळी जा. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाईलमध्ये ठेवा. ढग दाटले तर थांबा, लग्नाचा मुहूर्त टळला तरी चालेल.

दोन, मोजा. बसताना आणि उतरताना.

तीन, बसा आणि बसूनच राहा. फोटो काठावर उतरून काढा.

चार, बोट उलटलीच तर बोटीला धरून राहा. लाकडी बोट उलटी होऊनही बहुधा तरंगते. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो, पोहत जाण्याच्या नादात दम जातो. आणि लांबून शोधणाऱ्याला एकट्या माणसाच्या डोक्यापेक्षा बोट आधी दिसते.

पाच, आणि ही गोष्ट मनाला पटायला जड आहे. सगळं घर एकाच फेरीत पाठवू नका. अर्धं या फेरीत, अर्धं पुढच्या. अर्धा-पाऊण तास जास्त जाईल. सगळे एकत्र असण्यात आनंद आहे हे खरं, पण तो आनंद पलीकडच्या काठावर घेऊया.

पास्कल आणि अलेक्सिस या बाप-लेकाने तीनशे बोटींना मागे टाकलं, ते वाऱ्याशी भांडून नाही. वारा कधी वाढेल, शीड कधी उतरवायचं, कोणाला कधी झोपू द्यायचं, याचा हिशेब त्यांनी चोख ठेवला. आपल्याला कोणाला मागे टाकायचं नाहीये. आपल्याला आजीसकट, पोरांसकट पलीकडे पोचायचंय.

पुढच्या संक्रांतीला नर्मदेच्या पूजेला निघाल तेव्हा हा भाग घरात एकदा ऐकवा, किंवा हे वाचून दाखवा. तुमच्या घाटावर काही चांगली पद्धत चालू असेल, कोणी नावाडी नियम पाळत असेल, गावाने मिळून जॅकेट घेतली असतील, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात ते सगळ्यांना सांगू.

तोवर सांभाळून राहा. भेटूया.